कोल्हापुरी बोली आणि मालिका

'गावाकडच्या मालिका सगळ्या एकाच छापाच्या' हे मत मला पटलं नाही. आम्ही सध्या रोज जेवणं झाली की 'पंचायत' ही गावावरची हिंदी वेबसिरीज बघतोय. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा मुलगा जातो (पाहिलं नसेल तर माफ करा), तेव्हा आई उठून आत गेली. प्रल्हाद झालेल्या फैजल मलिकनं तिथं जवळजवळ न बोलता काम केलंय. तोवर हसवणारा माणूस, आणि एकदम घरभर शांतता.

मराठीत मात्र बोलीचा प्रश्न आहे, हे मान्य. 'तुझ्यात जीव रंगला' ही कोल्हापूरकडची मालिका (२०१६ ते २०२१) लागायची तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा, लोक कोल्हापूरजवळच्या वसगड्याला मालिकेतला वाडा बघायला जायचे. आम्हीही गेलो होतो. पण वाक्यागणिक 'लई भारी' घातलं की कोल्हापुरी होत नाही. आमच्याकडं बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. माझी आजी आयुष्यभर तसंच बोलली. मालिकेतली नायिका तसं बोलताना मी तरी ऐकलेली नाही. कुणी ऐकली असेल तर नाव सांगा, आजपासूनच बघायला घेतो.