मदत हवी आहे: हायड्रॉलिक प्रेसला टाइप ४ लाइट कर्टन बसवलाय, पण सही करावी का?

नमस्कार. मी मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे एक जुना हायड्रॉलिक प्रेस आहे, रॅम (दाबणारा जड भाग) वरून खाली येणारा. ऑपरेटर पत्रा हाताने डायमध्ये (साच्यात) ठेवतो, दोन्ही हातांनी बटणं दाबतो, स्ट्रोक झाला की भाग काढतो. पूर्ण पाळी हेच काम. आता उत्पादन वाढवायचं म्हणून टू-हँड (ती दोन हातांची बटणं) काढून लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की मशीनला थांबायला सांगणारा) आणि पायाचं पेडल असं ठरलंय. पुरवठादार कर्टन बसवून गेला. मशीन अजून चालू केलेलं नाही, कारण ताब्याच्या कागदावर सही माझी लागते आणि ती करायला माझं मन धजत नाही.

जोडणी अशी आहे. कर्टन टाइप ४ (सर्वात वरचा सुरक्षा दर्जा), रिझोल्यूशन १४ मिमी, म्हणजे एवढी बारीक वस्तूही तो ओळखतो. त्याचे दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेत गेलेत, तिथवर काही म्हणणं नाही. पण रिलेचा एकच कॉन्टॅक्ट वापरलाय आणि तो गेलाय साध्या पीएलसीच्या (मशीनचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटला. इनपुट गेलं की प्रोग्रॅम व्हॉल्व्हचं आउटपुट बंद करतो. रॅम खाली आणणारा व्हॉल्व्ह एकच आहे, जुनाच. स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) खरोखर परत आला की नाही हे सांगणारा स्विच त्यावर नाही.

कर्टन डायच्या कडेपासून १८० मिमीवर आहे. हे अंतर कसं काढलं असं विचारलं तर उत्तर आलं, "कर्टनचा प्रतिसाद १५ मिलिसेकंदांचा आहे, १८० खूप झालं." मी स्टॉप-टाइम मीटर मागवून मोजलं. सर्वात जड डाय लावून, रॅम पूर्ण वेगात असताना कर्टन तोडला. तोडल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंतचा सर्वात मोठा आकडा २९० मिलिसेकंद आला. कर्टन आणि रिलेचा वेळ यातच धरलेला आहे.

पुरवठादाराचं शेवटचं म्हणणं: कर्टनच्या प्रमाणपत्रावर पीएल ई (सुरक्षेच्या ए ते ई पातळ्यांतली सर्वात वरची) लिहिलंय, म्हणजे मशीन पीएल ई झालं. मला हे पटत नाही, पण वरच्यांना समजावताना नेमकं काय मांडावं ते सांगा. अंतर किती हवं? आणि साध्या पीएलसीतून जाणारा हा मार्ग चालेल का? हात आत जाणार आहे तो आमच्याच माणसाचा, म्हणून घाई करायची नाही.

प्रतिसाद १

सही करू नका. आधी अंतराचं बोलतो, कारण ते कागदावर दोन ओळींत दाखवता येतं.

आयएसओ १३८५५ चं सूत्र: अंतर = हाताचा वेग × एकूण थांबण्याचा वेळ + सी. हाताचा वेग आधी २००० मिमी प्रति सेकंद धरायचा. सी म्हणजे जादा धरायचं अंतर, ८ × (रिझोल्यूशन − १४), तुमच्या कर्टनला तो शून्य. २००० × ०.२९ = ५८० मिमी. उत्तर ५०० च्या वर गेलं की १६०० चा वेग धरून पुन्हा काढायची मुभा आहे: १६०० × ०.२९ = ४६४. पण या मुभेत अंतर ५०० च्या खाली आणता येत नाही. म्हणजे किमान ५०० मिमी.

आता वरच्यांना हे सांगा: १८० मिमी पार करायला हाताला ९० मिलिसेकंद लागतात, रॅमला थांबायला २९०. हात डायमध्ये पोचल्यावर पुढचे २०० मिलिसेकंद रॅम खाली येतच असतो. कर्टनने काम अगदी वेळेवर केलेलं असेल आणि तरीही बोटं जातील.

मोजमाप एकदाच करून थांबू नका. तेल थंड असताना वेगळं, गरम झाल्यावर वेगळं येतं. निदान दहा वेळा मोजा आणि सर्वात वाईट आकडा धरा. ब्रेक, व्हॉल्व्ह किंवा डाय बदलली की पुन्हा मोजायचं.

प्रतिसाद २

अंतराचं वर आलंय, मी जोडणीवर लिहितो. मला जास्त भीती तिचीच वाटते.

पीएल हा एका वस्तूचा दाखला नसतो. आयएसओ १३८४९-१ मध्ये तो पूर्ण सेफ्टी फंक्शनचा असतो: हात आत आला हे ओळखणारा भाग, निर्णय घेणारा भाग आणि रॅम प्रत्यक्ष थांबवणारा भाग. तिघांच्या धोकादायक बिघाडाची शक्यता एकत्र धरायची. पीएल ई साठी ती दर तासाला १०⁻⁷ च्या खाली लागते. कर्टन कितीही चांगला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह अडकला तर रॅम येणारच.

तुम्हाला किती पातळी हवी तेही त्याच मानकातल्या आलेखावर काढून कागदावर ठेवा. इजा कायमची, म्हणून एस२. हात प्रत्येक स्ट्रोकला आत, म्हणून एफ२. हात मागे घेऊन वाचण्याची शक्यता जवळपास नाही, म्हणून पी२. उत्तर पीएल ई. पी१ धरला तरी पीएल डी येतो, आणि या वेगाच्या रॅमवर पी१ धरायला मी तयार होणार नाही.

आता तुमच्याकडे काय आहे? साधा पीएलसी. त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर प्रोग्रॅम काहीही म्हणो, कॉइलला वीज राहणार, आणि कोणालाही कळणार नाही. त्यापुढे एकच व्हॉल्व्ह, देखरेखीविना. हा मार्ग कॅटेगरी १ (एकाच मार्गाची, देखरेख नसलेली रचना) च्या पुढे जात नाही आणि कॅटेगरी १ ची कमाल मर्यादा पीएल सी. तीसुद्धा वापरलेले भाग सिद्ध दर्जाचे असतील तर. पीएलसी मध्ये असताना तेही म्हणता येत नाही.

काय करायचं: सेफ्टी रिलेचे दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट थेट व्हॉल्व्हच्या पुरवठ्यात आणा. पीएलसी स्ट्रोक मागू शकेल, पण रिलेने तोडलेली वीज परत देऊ शकणार नाही. एका व्हॉल्व्हच्या जागी दोन व्हॉल्व्ह असे बसवा की कुठलाही एक बंद झाला तरी रॅम खाली येणं थांबेल. दोघांवर स्पूलची जागा दाखवणारे स्विच, आणि ते स्विच रिलेच्या फीडबॅकमध्ये. एक स्पूल अडकला तर दुसरा थांबवतो आणि फीडबॅक जुळत नसल्याने पुढचा स्ट्रोक सुटतच नाही. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. देखरेख नसेल तर पहिला बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो आणि दुसऱ्याची वाट बघतो.

हायड्रॉलिक प्रेससाठी आयएसओ १६०९२-३ वेगळं आहे, ते मिळवून वाचाच. रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकू नये म्हणून सिलिंडरलाच लागून बसवलेला व्हॉल्व्ह आणि डाय बदलताना आधाराचा ठोकळा, हे दोन्ही तपासा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अंतराचा हिशोब दाखवल्यावर बैठकीत वाद तिथेच थांबला. पण व्हॉल्व्हवर अडलंय. तिघांकडून तीन गोष्टी आल्या. एक म्हणतात, आणीबाणीचं लाल बटण आहे ना, मग व्हॉल्व्ह कशाला बदलायचा. दुसरे म्हणतात, कर्टनने पंपाची मोटरच बंद करू. तिसरे म्हणतात, तोवर जुनं टू-हँड परत लावून चालवू.

शिवाय माझी एक शंका: कर्टन ५०० मिमीवर नेला तर कर्टन आणि टेबलाच्या मध्ये माणूस उभा राहू शकेल. मग कर्टनला तो दिसणारच नाही!

प्रतिसाद २

तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि ती तुम्हाला सुचली याचा आनंद झाला. मधल्या जागेसाठी आडवा कर्टन लावतात, किंवा टेबलाची पुढची बाजू पुढे वाढवून तिथे उभं राहायला जागाच ठेवत नाहीत. आडव्या बीमचा खर्च टाळायचा तर दुसरा मार्ग घ्या. रीसेट बटण बाहेर, जिथून पूर्ण धोक्याची जागा दिसते पण आतून हात पोचत नाही अशा ठिकाणी हवं, हेही त्यासोबत. मात्र रीसेटवर एकट्यावर विसंबू नका. आणि बाजू, मागची बाजू? तिथे हत्याराशिवाय न निघणारे स्थिर गार्ड लागतील, नाहीतर माणूस कर्टनला वळसा घालून जातो.

लाल बटणाबद्दल: आयएसओ १३८५० त्याला पूरक उपाय मानतं, गार्ड किंवा कर्टनच्या जागी ते चालत नाही. ते दाबायला कुणीतरी धोका आधी पाहावा लागतो. २९० मिलिसेकंदांत कोण पाहणार? आणि ते दाबल्यावर रॅम थांबवायचं काम शेवटी त्याच व्हॉल्व्हवर येतं.

मोटर बंद करण्याचंही तसंच. वीज गेल्यावर मोटर आणि पंप जडत्वाने फिरत राहतात. अॅक्युम्युलेटर असेल तर त्यात दाब साठलेला असतो. वर रॅमचं वजन आहेच. थांबण्याचा वेळ वाढेल, कमी होणार नाही. खात्री करायची तर मीटर लावून मोजा आणि तो आकडाच बैठकीत ठेवा.

प्रतिसाद ३

टू-हँडबद्दल मी सांगतो, माझं काम त्याच प्रकारच्या मशीनवर आहे. जुनं टू-हँड आयएसओ १३८५१ च्या टाइप ३सी चं आहे का बघा: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, कुठलंही एक सोडलं की थांबणार, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. बटणांनाही अंतर लागतं, वेग १६०० आणि सी २५० मिमी. वेळ साधारण तेवढाच धरला तर ७१४ मिमी येतं. शिवाय टू-हँड फक्त बटण दाबणाऱ्याला वाचवतं. भाग उचलायला मदतनीस उभा असेल तर त्याला काहीच संरक्षण नाही.

आणि टू-हँडसुद्धा त्याच एका व्हॉल्व्हमधून जातं. म्हणून ते परत लावलं तरी मूळ दुखणं तसंच राहील.

तोपर्यंत काम थांबवायचं नसेल तर हात आत जाण्याची गरजच काढा. आयएसओ १२१०० चा क्रमही तोच: आधी रचनेतून धोका कमी करा, मग गार्ड, आणि सूचना-फलक सगळ्यात शेवटी. बाहेर ओढता येणारा ट्रे करा. पत्रा ट्रेवर बाहेरच ठेवायचा, ट्रे आत सरकवायचा, पुढे गार्ड आणि त्याला इंटरलॉक (गार्ड उघडा असेल तर रॅम चालू न देणारा स्विच). इंटरलॉकही दोन मार्गांनी तोडणारा हवा आणि त्याला थांबण्याच्या वेळेप्रमाणे अंतर किंवा लॉकिंग लागेल. डाय लहान असेल तर डायच बंदिस्त करता येते, पत्रा जाईल इतकीच फट ठेवून. मोठ्या डायला हे जमत नाही, ते मान्य.

ताब्याच्या कागदावर सहीच्या जागी तुमची मोजमापं, जोडणीचा नकाशा आणि "व्हॉल्व्हवर देखरेख नाही, उत्पादनास देऊ नये" एवढं लिहून परत पाठवा. पॅनेलवर आणि मुख्य स्विचला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. व्हॉल्व्ह ब्लॉकची मागणी देताना पुरवठादाराकडून त्याचा बी१०डी किंवा एमटीटीएफडी आकडा (धोकादायक बिघाडापर्यंत किती स्ट्रोक किंवा किती वर्षं, ते सांगणारा) आणि स्पूल स्विचचा तपशील लेखी मागा, कारण पुढचा हिशोब त्याशिवाय पूर्ण होत नाही. तो आकडा आणि तुमचे दिवसाचे स्ट्रोक इथे टाका, आपण गणित एकत्र करू.