मैदानावरच्या गैरवर्तनाची शिक्षा क्लबने द्यावी की लीगवर सोडावी?

राखीव बाक (प्रश्न)

मी ज्या फुटबॉल क्लबचा अनेक वर्षे पाठीराखा आहे, त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. चर्चा त्या एका नावाभोवतीच फिरत राहील अशी भीती वाटते. गेल्या पंधरवड्यातील एका सामन्यात आमच्या आघाडीच्या खेळाडूला वीसेक मिनिटे शिल्लक असताना बाहेर बोलावण्यात आले. त्याने आत जाणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहिले नाही, प्रशिक्षकाने पुढे केलेला हात टाळला, बाकाशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांना लाथ मारली आणि तो थेट ड्रेसिंग रूमकडे निघून गेला. एक बाटली घरंगळत सीमारेषेच्या आत गेली. ती उचलायला संघाचे कपडे-बूट सांभाळणारे वयस्कर गृहस्थ धावले आणि खेळ सुरू असल्यामुळे क्षणभर रेषेवरच अडखळून उभे राहिले. मला त्या लाथेपेक्षा हेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी क्लबने ‘विषय अंतर्गत असून तो मिटला आहे’ असे दोन ओळींचे निवेदन काढले आणि पुढच्या सामन्यात हा खेळाडू पुन्हा पहिल्या अकरांत दिसला. पंचांनी कार्ड दाखवले नव्हते, त्यामुळे लीगकडून काही होण्याची शक्यता नाही. माझा प्रश्न असा, की जिथे नियमपुस्तक गप्प बसते तिथे निर्णय कोणाचा असावा, प्रशिक्षकाचा, क्रीडा संचालकाचा की मालकाचा? आणि दंडाने खरोखर काही फरक पडतो का?

उजवी बगल

आपण वर्णन केलेल्या प्रसंगाचा सर्वांत टोकाचा नमुना २०१९ च्या इंग्लिश लीग कपच्या अंतिम सामन्यात दिसला होता. चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांच्यातील जादा वेळ गोलशून्य अवस्थेत संपत आली होती. चेल्सीचा गोलरक्षक केपा पायात गोळे आल्यासारखा खाली बसला होता आणि प्रशिक्षक मॉरिझिओ सारी यांनी राखीव गोलरक्षक विली काबायेरो यांना तयार केले होते. काबायेरो पूर्वी सिटीकडूनच खेळलेले आणि २०१६ च्या याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवलेले, तेव्हा ही निवड उगाच केलेली नव्हती. बदलीच्या फलकावर केपाचा क्रमांक झळकला, आणि तो हात हलवून नको म्हणत राहिला. सारी संतापून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्याच्या दिशेने चालू लागले, मग परत आले. केपा मैदानातच राहिला. त्याने एक पेनल्टी अडवलीही, पण चेल्सी शूटआउटमध्ये ४-३ असा हरला.

यातली मेख अशी, की खेळाच्या नियमांनुसार बदलला जाणारा खेळाडू बाहेर यायला तयार नसेल तर खेळ तसाच पुढे चालू राहतो. म्हणजे पंचाला त्याला ओढून बाहेर काढता येत नाही. त्या क्षणी प्रशिक्षकाच्या हाती त्याच्या शब्दाचे वजन सोडून दुसरे काहीही नसते. क्लबने केपाला एका आठवड्याच्या पगाराचा दंड केला, तो जाहीर केला आणि ती रक्कम क्लबच्या धर्मादाय संस्थेला दिली. सारी यांनी सामन्यानंतर हा गैरसमज असल्याचे म्हटले होते, परंतु टॉटनहॅमविरुद्धच्या लगेचच्या सामन्यात त्यांनी केपाला बाकावर बसवून काबायेरो यांना खेळवले. केपा तेव्हा जगातील सर्वांत महागडा गोलरक्षक होता, हे लक्षात घेतले तर त्या एका सामन्याचे मोल कळते. माझ्या मते शिक्षा त्या बाकात होती, दंडात नव्हती. त्यामुळे ती देण्याचा अधिकार संघ निवडणाऱ्याकडेच हवा.

जुना हिशेबनीस

दंडाविषयी थोडे व्यवहाराचे सांगतो. इंग्लंडमध्ये क्लबला खेळाडूवर मनाला येईल तेवढा दंड लावता येत नाही. साधारणपणे दोन आठवड्यांच्या पगाराची मर्यादा असते आणि त्यापलीकडे जायचे तर खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकमधील चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात कार्लोस तेवेझ मैदानात उतरायला तयार झाला नाही असे प्रशिक्षक रॉबर्टो मँचिनी यांचे म्हणणे होते. तेवेझने तो आरोप फेटाळला. मँचेस्टर सिटीला त्याला चार आठवड्यांच्या पगाराचा दंड करायचा होता, तो शेवटी दोन आठवड्यांवर आला. ‘हा माझ्या संघातून पुन्हा खेळणार नाही’ असे म्हणून बसलेल्या मँचिनींना मार्च २०१२ मध्ये विजेतेपदाच्या शर्यतीत त्यालाच मैदानात उतरवावे लागले, आणि त्याने त्याच सामन्यात विजयी गोलसाठी पासही दिला.

म्हणून ‘उजवी बगल’ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. खेळाडूला बाकावर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे असतो हे खरे, पण गुणतालिका गळ्याशी आली की तो अधिकार वापरण्याची ऐपत त्याच्याकडे उरत नाही. वरून संचालक मंडळाने ‘हरलात तरी चालेल’ असे आधीच सांगितलेले असेल, तरच तो ठाम राहू शकतो. असे सांगणारे मंडळ मी तरी फारसे पाहिलेले नाही.

शिट्टीवाला

मी हौशी पातळीवर बरीच वर्षे पंचगिरी केली आहे, त्यामुळे माझी नजर वेगळ्या जागी जाते. एखाद्या निर्णयावर खेळाडू तावातावाने अंगावर येतो, तेव्हा मी आधी त्याच्या मागे असलेल्या बाकाकडे पाहतो. प्रशिक्षक स्वतः उभा राहून हातवारे करत असेल तर मागून आणखी तिघे-चौघे येणार हे नक्की. तो शांत बसला असेल, तर बहुधा कर्णधारच येऊन आपल्या माणसाच्या छातीवर तळहात ठेवतो आणि त्याला उलट्या पावली मागे नेतो. त्या तळहाताने माझी कितीतरी पिवळी कार्डे खिशातच राहिली आहेत.

मार्च २०२३ मधील एफए कपची उपांत्यपूर्व लढत आठवा. फुलहॅम एका गोलने आघाडीवर होता. त्यांच्या विलियनने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवल्याचे प्रकरण तपासायला पंच मैदानाशेजारच्या व्हिडिओ पडद्याकडे गेले, आणि मिनिटभराच्या आत प्रशिक्षक मार्को सिल्वा, विलियन व मित्रोविच असे तिघेही लाल कार्ड घेऊन बाहेर झाले. विलियनचे कार्ड नियमाने अटळ होते. बाकीची दोन निव्वळ तोंडाने आणि हाताने ओढवून घेतलेली. फुलहॅम ३-१ असा हरला, पंचांना ढकलल्याबद्दल मित्रोविचवर आठ सामन्यांची बंदी आली आणि सिल्वा यांनाही दोन सामने सीमारेषेपासून दूर राहावे लागले. जिथे प्रशिक्षकच खेळाडूच्या सोबत बाहेर जातो, तिथे शिस्तीचा निर्णय त्याच्यावर कसा सोपवणार?

युरो २०२४ मध्ये पंचांशी निर्णयाविषयी फक्त कर्णधाराने बोलायचे, दुसरा कोणी घेराव घालायला आला तर पिवळे कार्ड, हा दंडक लावला गेला, तो मला मनापासून पटला. मात्र बाटल्यांना लाथ मारणाऱ्याला तो लागू पडत नाही.

दुसरा हाफ

वरील सर्वांनी एरिक कँटोनाला वगळले याचे आश्चर्य वाटते. जानेवारी १९९५ मध्ये त्याने प्रेक्षकाला लाथ मारली, तेव्हा त्याच्या क्लबने, मँचेस्टर युनायटेडने, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या निकालाची वाट न पाहता स्वतःच त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर ठेवले. असोसिएशनने ती बंदी पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवली. पण क्लबने त्याला विकले नाही, आणि परतल्यानंतरच्या हंगामात संघाने लीग व एफए कप दोन्ही जिंकले. उलट डिसेंबर २०११ मध्ये लुइस सुआरेझवर वर्णद्वेषी शब्दांवरून आठ सामन्यांची बंदी आली, तेव्हा लिव्हरपूलचे खेळाडू आणि प्रशिक्षक त्याच्या समर्थनाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरले. पाठीशी उभे राहणे आणि पाठीशी घालणे यांतला फरक तिथे कोणी कोणाला समजावला नाही.

राखीव बाक

सर्वांचे आभार. ‘जुना हिशेबनीस’ यांचे उत्तर वाचून मी आमच्या क्लबचे ते दोन ओळींचे निवेदन पुन्हा उघडले. त्याखाली प्रशिक्षकाचे नाव नाही, संचालकाचेही नाही, नुसते बोधचिन्ह आहे. पाठीराख्यांच्या प्रतिनिधींची व्यवस्थापनाशी पुढील महिन्यात बैठक आहे. तिथे दंड किती केला हे मी विचारणार नाही, कारण ते सांगणार नाहीत. विषय मिटल्याचे कोणी ठरवले आणि त्या वेळी प्रशिक्षक खोलीत होते का, एवढेच विचारीन. आणि ती बाटली उचलायला धावलेल्या गृहस्थांची कोणी माफी मागितली का, हेही.