क्रेडिट बँक आहे, पण चेक वटतो कुठे?

मधली_आळी

विद्यापीठ बदललं तरी शिकलेलं वाया जाऊ नये, म्हणून जुलै २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. क्रेडिट म्हणजे कोर्सचे तास भरून पास झालं की मिळणारे एकक. मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा, जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येणार, आणि निम्मे क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेले असले की बाकीचे बाहेरचे चालणार. वाचायला झकास आहे.

आता आमच्या घरातलं ऐका. भाचीने मराठवाड्यात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं, एकही एटीकेटी नाही. वडिलांची बदली झाली, म्हणून दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात गेली. अपार आयडी (आधारशी जोडलेला विद्यार्थी क्रमांक) आहे, खात्यात दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात. तरी खिडकीवर मागणी काय? जुन्या विद्यापीठाचा अख्खा अभ्यासक्रम छापून आणा, पानापानावर प्राचार्यांचा शिक्का हवा. शिवाय मायग्रेशन, एलिजिबिलिटी ही प्रमाणपत्रं ठरलेलीच. एवढं सगळं देऊन वर "कोर्स जुळत नाहीत, पहिल्या वर्षाचे दोन पेपर पुन्हा द्या". हेही तोंडी. लेखी मागितलं तर "तसं देता येत नाही".

माझं म्हणणं एवढंच: क्रेडिट नाकारायचे असतील तर जरूर नाकारा, पण कारण लेखी द्या. आणि ते कारण सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्याची. आज ती विद्यार्थ्याच्या डोक्यावर आहे.

तासिका_तत्त्व

ताई, भाचीचं वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही ऐका. मी तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर शिकवतो. आमच्या विभागात मंजूर पद एक, ते रिकामं. पद भरायचं की नाही हे वर्कलोडवर, म्हणजे शिकवायच्या तासांवर ठरतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास दाखवावे लागतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात. उद्या पोरांनी ओपन इलेक्टिव्ह (ओई, आवडीचा विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) तिकडून केले की आमचे तास संपले, आणि तास संपले की पदही संपलं. शहरातल्या बड्या कॉलेजचं काही बिघडणार नाही. बंद पडतील ते आमच्याकडचे मराठी, भूगोल, तत्त्वज्ञानाचे विभाग.

क्रेडिटची 'मुक्त देवाणघेवाण' म्हणताना पाणी कुठल्या बाजूला वाहणार तेही बघा. पुण्याहून आमच्याकडे क्रेडिट घ्यायला कोण येणार आहे?

मधली_आळी

पद भरत नाहीत हा सरकारचा दोष. त्याची वसुली पोरीकडून कशाला? आणि ती 'स्वयम'वर गेलेली नाही, वर्गात बसून पास झाली आहे. दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

तासिका_तत्त्व

कालवत नाहीये. नियम एकच आहे, दार एकच आहे. त्यातून तुमची भाची येणार आणि आमचा वर्कलोड जाणार.

र्‍हाईनकाठी

जर्मनीत मास्टर्स करतोय, म्हणून इथलं सांगतो. युरोपात ईसीटीएस ही क्रेडिट पद्धत १९८९ मध्ये इरास्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेबरोबर प्रयोग म्हणून सुरू झाली. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. त्यात घरी बसून केलेलाही धरतात. पण गाडी चालते ती या आकड्यांवर नाही. इरास्मसवर जाण्याआधी 'लर्निंग ॲग्रीमेंट' होतं. विद्यार्थी, इकडचं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. कोणत्या कोर्सच्या बदल्यात कोणता कोर्स, हे निघण्यापूर्वीच ठरलेलं.

दुसरं म्हणजे दुसरीकडच्या शिक्षणाला मान्यता देण्याबद्दलचा १९९७ चा लिस्बन करार. 'ठळक फरक' दाखवता आला तरच मान्यता नाकारता येते, आणि तो दाखवायचा संस्थेने. धागाकर्तीची मागणी तीच आहे. म्हणून हे काही आकाशातलं नाही. (इथेही सगळे प्राध्यापक देवमाणसं नाहीत, कुरकुर भरपूर चालते. पण लेखी कारण मिळतं.)

कडू_कारलं

झालं, जर्मनी आलंच! साहेब, तिकडे इरास्मसवाला सेमिस्टरभर जाऊन परत येतो. इथे पोरगं कायमचं कॉलेज बदलतं, आणि बदलीची ऑर्डर बघून वडील सामान बांधतात. तिघांच्या सह्या घ्यायला वेळ कुणाला?

आणि जे कुणी बोलत नाही ते मी बोलतो. आपल्याकडचे इंटर्नलचे मार्क. काही ठिकाणी पोरगं वर्गात फिरकलं नाही तरी ४० पैकी ३६. दुसऱ्या ठिकाणी मरमर करून २४. दोन्हीकडे क्रेडिट चारच. मग माझ्या विभागाने ते डोळे मिटून का घ्यावेत? खात्यात जमा आहेत म्हणून? क्रेडिट म्हणजे तास झाले आणि पोरगं पास झालं, एवढंच. काय येतं ते त्यात दिसत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनमध्ये ब्युरेट वाचता न येणारं पोरगं माझ्यासमोर उभं राहतं, तेव्हा यूजीसी येत नाही शिकवायला.

परीक्षा_विभाग_खिडकी_३

प्राध्यापक मंडळींचं चालू द्या. आमच्या टेबलावर काय येतं ते सांगतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, शेवटी आईचं नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आईचं नाव नाहीच. कुणाचं 'पाटील' दोन स्पेलिंगमध्ये. मुलीचं लग्न मधल्या वर्षात झालं असेल तर आडनावच तिसरं. अपार आधारवर चालतं, म्हणजे नाव जुळेना की क्रेडिट लटकले. मग ती पोरगी नावबदलाच्या गॅझेटच्या मागे, आणि तिचा भाऊ आमच्याशी भांडायला.

दुसरं, निकाल. इकडची प्रवेशाची तारीख उलटते तरी तिकडचा निकाल लागलेला नसतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. निकालच नाही तर खात्यात काय जमा होणार? शिक्के मागतो म्हणून आम्हाला शिव्या घाला, पण ऑडिटला कागद दाखवावा लागतो आणि सही आमची असते.

नुसती_वाचक

खिडकी ३ ला +१. मार्कशीट आणि आधारवर नावाचा क्रम एक करा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

मधली_आळी

कारलंसाहेब, ब्युरेटचा मुद्दा मान्य. मग ब्युरेटचीच परीक्षा घ्या ना! एक दिवस प्रयोगशाळेत बोलवा, नाही जमलं तर तेवढा ब्रिज कोर्स लावा. पण तिला पुन्हा द्यायला सांगितलेले पेपर रसायनशास्त्राचे नव्हतेच. एक व्हीईसीचा (मूल्यशिक्षण), एक आयकेएसचा (भारतीय ज्ञानप्रणाली). सरकारने आराखडा सगळ्या राज्याला एकच दिला, मेजर (मुख्य विषय)-मायनर-ओईची खोकीही तीच. फक्त बास्केटमध्ये, म्हणजे त्या-त्या खोक्यात कोणते कोर्स, हे विद्यापीठागणिक वेगळं. भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना आटतात, यात कसला आलाय दर्जा?

कडू_कारलं

व्हीईसी-आयकेएससाठी अडवलं असेल तर तो मूर्खपणा आहे. त्यात मी पडत नाही. मेजरच्या विषयात मात्र निर्णय विभागाचाच.

तासिका_तत्त्व

मग तेवढ्यापुरतं करा. व्हीईसी, आयकेएस, एईसी (भाषेचे कोर्स), सीसी (सहअभ्यासक्रम) राज्यभर आपोआप मान्य. मेजरमध्ये विभागाने बघावं. आणि 'स्वयम'ची ४० टक्क्यांची मर्यादा आहे त्याहून वर नेऊ नका. माझा विरोध मग उरतो तो वर्कलोडचा. बाहेरून आलेले क्रेडिट कॉलेजच्या वर्कलोडमधून वजा करू नयेत, असं शासन निर्णयात येईपर्यंत तो मी सोडणार नाही.

र्‍हाईनकाठी

वजा करू नयेत म्हणजे न घेतलेल्या तासांचा पगार? हे वित्त विभाग मान्य करेल?

तासिका_तत्त्व

घेतलेल्या तासांचा पगारही वेळेवर होत नाही, दादा. तुम्ही कुठल्या वित्त विभागाबद्दल बोलताय?

परीक्षा_विभाग_खिडकी_३

मधली_आळी ताई, एक कामाचं. तोंडी नकारावर थांबू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, आवक क्रमांक घ्या, सोबत दोन्ही विद्यापीठांच्या व्हीईसी आणि आयकेएसच्या अभ्यासक्रमाची पानं शेजारी शेजारी लावा. प्रत विद्यापीठाच्या पात्रता विभागाला. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला कुणालातरी उत्तर लिहावंच लागतं. आणि परीक्षा फॉर्म भरायची तारीख जाण्याआधी करा, नंतर ते दोन पेपर सिस्टीममध्ये बॅकलॉग म्हणून चढतात आणि काढायला आमच्याकडे बटण नाही.