बाबांचं लायसन संपून आठ महिने झाले, वय ७१, आता रिन्यू होईल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, सातारचा आहे. बाबांचं लायसन ६६व्या वर्षी रिन्यू केलं होतं, तेव्हा ५ वर्षांचं मिळालं, ते आठ महिन्यांपूर्वी संपलं आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सगळं त्यातच गेलं. परवा स्कूटरच्या डिकीत पीयूसी शोधताना कार्ड हातात आलं तेव्हा तारीख बघितली. आणि बाबा या आठ महिन्यांत रोज सकाळी दूध आणि भाजीला स्कूटरवरच जात होते. आता एजंट म्हणतोय की परत टेस्ट द्यावी लागेल, तुम्ही त्रास घेऊ नका, मेडिकलसकट मी सगळं करून देतो. खरंच टेस्ट लागते का? आणि एवढ्या वयात रिन्यू करून देतात का? बाबांना विचारलं तर म्हणतात ५० वर्षं गाडी चालवतोय, मला कोण अडवणार. कुणी हल्लीच केलं असेल तर प्लीज सांगा.

घाटमाथा
दादा, टेस्ट लागणार नाही, पण आता दिवस काढू नका. मुदत संपल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट नसते, वर्ष उलटलं की गाडी चालवून दाखवावी लागते. तुमच्याकडे चार महिने आहेत. वयाची वरची मर्यादा खासगी गाडीला नाहीये, पंचावन्नच्या पुढे दर वेळी ५ वर्षांचंच मिळतं एवढंच. खरं तर संपायच्या आधी १ वर्षापासून अर्ज करता येतो, पुढच्या वेळी मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवा.

मी माझ्या सासऱ्यांचं मागच्या वर्षी केलं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, सोबत फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट (चाळिशीनंतर लागतंच). आमच्या डॉक्टरांनी ते त्यांच्याच लॉगिनमधून भरलं. रिन्यूअलची फी २०० आणि स्मार्ट कार्डचे २००, उशिराचं वेगळं लागेल, तो आकडा पोर्टलच दाखवतं. आम्ही अडकलो ते भलत्याच ठिकाणी, आधारला सासऱ्यांचा जुना बंद झालेला नंबर होता, ओटीपी येईना. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला मग पुढे सरकलं, तेव्हा ते आजच बघून घ्या.

आणि तोवर गाडी अजिबात देऊ नका. पूर्वी ३० दिवसांची सवलत असायची, २०१९च्या दुरुस्तीत ती गेली. बिनलायसन चालवल्याचा दंड ५,००० आणि गाडी तुमच्या नावावर असेल तर चालवायला दिली म्हणून तुम्हाला वेगळे ५,०००. अपघात झाला तर त्याहून वाईट, विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते.

मावशी_कोल्हापूर
एजंटच्या त्या "मेडिकलसकट"वर मला बोलायचंय. आमच्या ह्यांचा फॉर्म एका डॉक्टरांनी मान वर न करता भरून दिला होता, मी शेजारीच बसले होते. लाल-हिरवा ओळखता येतो का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, सगळे प्रश्न छापलेले आणि सगळी उत्तरं पेनानं एका दमात. आम्हाला बरंच वाटलं तेव्हा, काम झालं म्हणून. पुढे वर्षभरात डोळे तपासायला गेलो तर काचबिंदू निघाला. समोरचं सगळं नीट दिसायचं ह्यांना, नंबर प्लेटसुद्धा वाचली असती, पण कडेचं दिसणं कमी झालं होतं, बाजूच्या बोळातून येणारी सायकल दिसायची नाही. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं, कारण काचबिंदूत बहुतेकदा दुखत नाही खुपत नाही. तो वर्षभर ते शाळेसमोरून रोज गाडी चालवत होते हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून बाळा, फॉर्म कुणाकडूनही भर पण आधी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, डोळ्यांचा दाब आणि कडेची नजर दोन्ही बघायला सांग. ऑपरेशननंतर समोरच्या लाइटचा त्रास होतो का तेही विचार.

घाटमाथा
मावशींचं शंभर टक्के बरोबर. हे मी लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं वाचून काल संध्याकाळी उजेड होता तेव्हाच घरातली ५ मीटरची टेप घेऊन गल्लीत पाच वेळा टाकली आणि बाबांना तिथे उभं केलं. शेजारच्यांच्या गाडीचा नंबर चष्म्याशिवाय वाचताना ८ आहे की ३ ते सांगता येईना, चष्मा लावला तर लगेच वाचला. स्कूटरवर जाताना चष्मा खिशात असायचा हे तेव्हा कळलं. ते काहीच बोलले नाहीत, घरात आल्यावर स्वतःच चावी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मला फार वाईट वाटलं खरं सांगतो. बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय, आधारचा नंबर चालू आहे, एजंटला नको म्हणून सांगितलं. तोवर दूध मी आणतोय.