नान्नजच्या माळाची किंमत
निसर्गाला पैशात मोजलं की त्याचा बाजार होतो, असं काहीजण म्हणतात. भीती रास्त आहे. पण मोजलंच नाही तर सरकारी फाइलीत त्याचं मोल शून्य धरलं जातं, हे त्याहून वाईट. आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान घ्या. अशा जमिनीला पडीक म्हणायची जुनी सवय. त्याच गवतावर मेंढरं जगतात. तेवढा चारा विकत घ्यायचा झाला तर काय पडेल, हा हिशोब कुठल्याही धनगराला विचारा, तो तोंडी सांगेल. पाणी मुरतं, माती धरून राहते, त्याचाही अंदाज निघतो.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरल्याचं २०२१ मध्ये समोर आलं. सरसकट एकच आकडा मला पटत नाही, भर वस्तीतला कडुलिंब आणि बांधावरची बाभूळ सारखी कशी? तरी रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांची मे महिन्यातली सावली खर्चात धरलीच पाहिजे.

नान्नजच्या माळावरच्या माळढोक पक्ष्याचं मात्र वेगळं. त्याच्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झालं. 'तो टिकावा म्हणून किती द्याल?' असं लोकांना विचारून किंमत काढायची पद्धत आहे, पण नामशेष झालेला पक्षी कितीही पैशांत परत मिळत नाही. तिथे हिशोब बाजूला ठेवून आधी गवताळ पट्टा राखावा, असं माझं स्पष्ट मत.