देवाला सर्व ठाऊक असताना अंतःकरण पारखण्याची विनंती कशासाठी?

प्रश्न: बायबलमधील स्तोत्र १३९ च्या आरंभीच परमेश्वराने आपल्याला पारखले आहे असे स्तोत्रकर्ता म्हणतो. तरीही २३ व्या वचनात तो पुन्हा तेच का मागतो?

पहिले उत्तर: १९ ते २२ ही वचने आधी वाचावीत. तेथे तो दुर्जनांचा नाश मागतो, देवाच्या वैऱ्यांचा आपण पुरेपूर द्वेष करतो असे सांगतो, आणि लगेच स्वतःचे अंतःकरण देवापुढे उघडे करतो. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो, कारण आपला संताप देवासाठी आहे की अहंकारापोटी, हे संतापलेल्या माणसाला एकट्याने ठरवता येत नाही. विनंतीमुळे देवाला नवे काही कळत नाही; आपली लपवाछपवी मात्र थांबते.

दुसरे उत्तर: सहमत आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलही लिहितो की, मन दोष देत नसले तरी तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या रोजच्या आत्मपरीक्षेच्या पद्धतीतही आधी उपकारस्मरण, मग कृपेची याचना आणि त्यानंतरच दिवसाची तपासणी येते.

प्रश्नकर्ता: म्हणजे प्रभुभोजनापूर्वीची (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीआधीची) आत्मपरीक्षाही याच प्रार्थनेने सुरू करावी का?

पहिले उत्तर देणारे: अवश्य करावी, आणि २४ वे वचनही सोडू नये, तेथे सनातन मार्गाने चालवण्याची विनंती आहे.