नागपूरचा माठ मुंबईत गार का होत नाही? (आणि अजून दोन शंका)

वऱ्हाडी_लेक:
मंडळी, माहेर नागपूरचं, आता राहते मुलुंडला. मे महिन्यात आईकडून मुद्दाम तिचा माठ आणला. तिकडे बाहेर 44 डिग्री असायचं तरी पहिल्या घोटाला जीव शांत व्हायचा, आणि इथे बाहेर 33 च आहे तर पाणी जेमतेम गार! हवा कमी तापलेली असून उलटं कसं? दुसरं, नागपूरला थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज यायचा, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसायचा, मुंबईत इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिसरी शंका लेकीची, फ्रिजमध्ये उकडलेली अन् कच्ची अंडी एकत्र झालीत, न फोडता ओळखायची कशी?

झिरप:
ताई, माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतं, एका ग्रॅमला साधारण 580 कॅलरी. म्हणजे 10 लिटरच्या माठातलं नुसतं 100 मिली उडालं तरी बाकीचं पाणी हिशेबाने जवळजवळ 6 डिग्रीने उतरायला हवं (प्रत्यक्षात कमी, कारण बाहेरची गरमी आत येतच असते). पण उडणार किती ते हवा किती कोरडी त्यावर. 44 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर पाणी जास्तीत जास्त 23 च्या आसपास उतरू शकतं, 33 डिग्री आणि 70 टक्क्यांना ही मर्यादा 28 वरच येते. नागपूरला कूलर मस्त चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट करतो त्याचंही कारण हेच. माठात दोष नाही, तो खिडकीत वाऱ्याला ठेवा, ओलं फडकं गुंडाळा. आणि बाहेरून ऑइलपेंट मारलेला माठ कधी घेऊ नका, छिद्रंच बुजतात.

कोरडी_हवा:
झटक्याचं मूळही तेच, कोरडेपणा. लोकर आणि आतला टेरिकॉटचा शर्ट घासले की एकावरून दुसऱ्यावर विजेचा भार (चार्ज) जातो. मुंबईत कपड्यांवर, कातडीवर ओलाव्याचा अगदी पातळ थर असतो, त्यावरून तो भार गुपचूप निघून जातो. नागपूरच्या थंडीत तो साठतच राहतो आणि कडीजवळ बोट नेलं की ठिणगी. मिलिमीटरभर फटीतून ठिणगी पडायला 3000 व्होल्टच्या आसपास लागतात, आकडा ऐकून घाबरू नका, भार इतका थोडा असतो की क्षणात संपतो. माहेरी गेलात की आधी हातात किल्ली घट्ट धरून ती कडीला टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोटाला काही कळत नाही.

साधा_प्रश्न:
म्हणजे दमट हवेतून करंट वाहतो असंच ना?

कोरडी_हवा:
नाही हो, खूप जणांना तसं वाटतं. हवा दमट झाली म्हणून काही तार होत नाही, भार जातो तो मुख्यतः वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून.

भिंगरी:
अंड्याचं सोप्पंय, लेकीलाच करू द्या. ओट्यावर आडवं ठेवून गरकन फिरवा. उकडलेलं आतून घट्ट, म्हणून अख्खं एकदम फिरतं, जोरात आणि बराच वेळ. कच्च्याचं फक्त कवच फिरतं, आतला बलक मागे राहतो, म्हणून ते डगमगतं आणि लवकर थांबतं. खरी गंमत पुढे आहे, फिरत्या अंड्यावर बोट ठेवून ते थांबवा आणि लगेच बोट उचला. उकडलेलं गप्प बसेल, कच्चं परत हळूच फिरायला लागेल, कारण कवच थांबलं तरी आतला रस फिरतच असतो.

वऱ्हाडी_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार! अंडी लगेच फिरवली, सातातली तीन परत फिरायला लागली, लेक अजून ओट्यापाशीच आहे. माठाला फडकं गुंडाळून खिडकीत ठेवलाय, सकाळी पाणी पिऊन सांगते.